देवीची आयुधे आणि घरातील कुमारिका

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घराघरांतून घटस्थापना होते. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरतात, वर घट ठेवतात, घटावर रोज एक माळ चढते आणि नंदादीप नऊ दिवस तेवत ठेवला जातो. अष्टमीस वा नवमीस कुमारिकांना बोलावून त्यांचे पाय धुवावयाचे, हळदकुंकू लावावयाचे, गोडाचे जेवू घालावयाचे, ही प्रथाही आपल्याकडे श्रद्धेने पाळली जाते. दहा-बारा वर्षांची, परकर सावरीत पाटावर बसलेली ती मुलगी त्या दिवसापुरती साक्षात जगदंबा होते.

जिचे रूप आपण त्या मुलीत पाहतो, त्या देवीची कथा वाचकांस ठाऊकच आहे. दुर्गासप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात महिषासुराने गांजलेल्या देवांच्या तेजातून देवी प्रकट होते आणि मग एकेक देव पुढे येतो. शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो, वरुण शंख व पाश देतो, वायू धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते देतो, इंद्र वज्र देतो, विश्वकर्मा परशू व कवच देतो, हिमालय वाहनासाठी सिंह देतो. या कथेतील एका गोष्टीकडे आमचे लक्ष नेहमी वेधले जाते. देवांनी देवीचा नुसता जयजयकार केला नाही, ‘जपून राहा’ असा उपदेश तर मुळीच केला नाही. ज्याच्यापाशी जे होते ते त्याने काढून तिच्या हाती ठेवले.

आपल्या घरातील कुमारिकेच्या हाती आपण काय ठेवतो? दक्षिणा, रुमाल, एखादे पेन. आणि वर्षाचे उरलेले दिवस सूचना! तिकडे जाऊ नकोस, अंधार पडण्याआधी घरी ये, अनोळखी माणसाशी बोलू नकोस. या सूचना मायेपोटीच दिल्या जातात, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु संकट आलेच तर काय करावयाचे, हे त्यांपैकी एकही सूचना सांगत नाही.

गाईडचे पथक

मुलींना हे ‘काय करावयाचे’ शिकविणारी एक जुनी चळवळ आपल्या अनेक शाळांतून चालते. गाईड हे तिचे नाव. 1910 मध्ये इंग्लंडात ती सुरू झाली आणि लगेच पुढल्या वर्षी, 1911 साली, जबलपूर येथे भारतातील पहिले पथक निघाले. प्रारंभी ही पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींसाठी असत. पुढे ती भारतीय मुलींना खुली झाली. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये गाईड संघटना ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या संस्थेत सामील झाली. 1966 मध्ये पुण्यात ‘संगम’ हे या चळवळीचे जागतिक केंद्र उभे राहिले. धाकट्या मुली बुलबुल म्हणवितात, दहाव्या वर्षानंतरच्या गाईड आणि त्यांहून मोठ्या रेंजर. गाईड जे वचन घेते, त्यात आधी ईश्वराविषयीच्या आणि देशाविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख आहे, आणि मग इतरांना साहाय्य करण्याचा. तिचे ब्रीद एका शब्दाचे आहे: तयार.

हे विलायती रोप आपल्या मातीत कसे रुजणार, असे कोणी विचारील. आम्हांस ते फारसे परके वाटत नाही. नवरात्राच्या याच दिवसांत पाटावर हत्ती मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात. सासुरवाशिणीला जे कोणापाशी बोलता येत नसे, ते त्या फेरात गाण्यातून बोलता येई. थोरल्या मुलीच्या हाताला धरून धाकटी शिके. मंगळागौरीच्या फुगड्या, झिम्मा आणि पिंगा यांनी अंगात जो चपळपणा येई, त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही इतकेच. मुलींनी मुलींत राहून मुलींकडून शिकावे ही रीत आपली जुनीच आहे. गाईडच्या पथकातही सहा-आठ जणींची एक तुकडी असते, तिची नायिका त्यांच्यातलीच एक थोडी मोठी मुलगी असते आणि पुष्कळसे शिक्षण तिच्याकडूनच होते.

दोर, अग्नी आणि पाणी

अशा एका पथकाचा वर्ग आम्ही एका शाळेच्या पटांगणावर पाहिला. पहिला अर्धा तास नुसत्या गाठी. दोन सारख्या दोरांची टोके जोडावयाची ती रीफ गाठ. घाईत उलटी पडली तर तीच गाठ ताण येताच सुटते, म्हणून डोळे मिटून ती दहा वेळा बांधावयाची. खांबाला दोर अडकविण्याची निराळी. आणि जिचा फास कितीही ओढला तरी आवळत नाही ती बोलाईन, बुडत्या माणसाच्या काखेखालून घालण्यासाठी. वरुणाने देवीला पाश दिला, तो हाच असावा असे आमच्या मनात येऊन गेले.

नंतर अग्नीचा पाठ झाला. तो आमच्या वाचक भगिनींनी या नऊ दिवसांत विशेष लक्षात घ्यावा, कारण अखंड दिवा, उदबत्त्या, कापूर आणि कढईतील तेल ही सारी या दिवसांत एकाच घरात एकत्र येतात. नंदादीप रुंद परातीत, वाळू पसरून ठेवावा. वर पडदा किंवा लोंबती माळ नसावी. कडाकण्या तळताना तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये, कारण पेटते तेल पाण्यासरशी उसळून चहूकडे उडते; शक्य असेल तर शेगडी बंद करून कढईवर झाकण घालावे. गॅसचा वास आला तर विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साठतो, ही गोष्ट त्या पटांगणावरील सातवीतल्या मुलीने आम्हांस समजावून सांगितली.

पदराने किंवा ओढणीने पेट घेतला तर पळू नये. पळणाऱ्याला वारा लागतो आणि ज्वाला वर चेहऱ्याकडे चढतात. जागीच थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे, हातांनी तोंड झाकून लोळावे. हे मुली वाचून शिकत नाहीत. नायिकेने टाळी वाजविली की साऱ्याजणी मातीत लोळतात. गणवेश मळतात आणि आया रागावतात. आमच्या मते हा मळ फार पवित्र आहे. भाजलेल्या जागी हळद, दंतमंजन, शाई किंवा बर्फ यांपैकी काही लावू नये, वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे ती जागा धरावी, हा नियमही तेथे घोकून घेतला जातो. गरब्याच्या झगमगीत कृत्रिम धाग्याच्या घागऱ्यांविषयी त्या शिक्षिकांनी काढलेले उद्गार कडक होते, पण खरे होते. ते कापड जळताना वितळते, आणि कातडीला चिकटते.

पाण्याचा पाठ सोपा. पोहता येत नसेल तर बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. काठी पुढे करावी, ओढणी किंवा साडी फेकावी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा आणि ओरडून माणसे जमवावीत. सर्पदंशाचाही तसाच. जखम कापू नये, चोखू नये, वर करकचून बांधू नये. माणसाला निजवून अवयव हलू देऊ नये आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस तेथे मिळते; मांत्रिकाकडे गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

‘नाही’ म्हणावयाचे शिक्षण

येथपर्यंतचे कोणत्याही घरास मान्य होईल. आता जे सांगावयाचे आहे ते सणाच्या पानावर नको, असे काही वाचकांस वाटेल. परंतु कुमारिकापूजनाच्या दिवशी नाही बोलावयाचे तर कधी बोलावयाचे?

आमच्यासारख्या धार्मिक घरांतून मुलीला लहानपणापासून शिकविले जाते की, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, उलट उत्तर देऊ नये, पाहुण्यांनी जवळ बोलावले तर जावे. हे संस्कार चांगलेच आहेत. परंतु मुलींना त्रास देणारा मनुष्य बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो घरच्या ओळखीचा, नात्यातला, शेजारचा, शिकविण्यास येणारा, कधी देवकार्यात पुढे पुढे करणारा असतो. त्याला मुलीच्या आज्ञाधारकपणाची खात्री असते, तिच्या मुकेपणाची तर अधिकच. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ ही सूचना अशा वेळी काहीच कामाची नाही.

पथकात याविषयी जे शिकविले जाते ते फार थोडे आहे, आणि म्हणूनच ते लक्षात राहते. आपले शरीर आपले आहे. कोणाचा स्पर्श नकोसा वाटला तर तो कितीही मोठा माणूस असो, मोठ्याने ‘नाही’ म्हणावे, तेथून निघावे आणि विश्वासाच्या माणसास सांगावे. त्या माणसाने ऐकले नाही तर दुसऱ्यास सांगावे, दुसऱ्याने ऐकले नाही तर तिसऱ्यास. ‘हे आपले गुपित’ असे जो मोठा माणूस म्हणतो, त्याचे गुपित ठेवू नये. 1098 हा मुलांच्या साहाय्याचा आणि 112 हा आणीबाणीचा क्रमांक तोंडपाठ असावा. शरीरधर्माविषयीही शिक्षिका मुलींशी मोकळेपणाने बोलतात. कारण ज्या अवयवांची नावे घेण्याची मुलीला लाज वाटते, त्यांविषयीची तक्रार ती कोणत्या शब्दांत करणार?

आम्ही त्या शिक्षिकांना विचारले, अशाने मुली उद्धट होणार नाहीत का? त्या म्हणाल्या, “ज्या मुलीला ‘नाही’ म्हणता येते, तिच्या नमस्काराला अर्थ असतो.”

अर्थात अर्धे काम घराचे आहे. मुलगी येऊन काही सांगू लागली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘तू तेथे गेलीसच कशाला?’ या एका प्रश्नाने पुढची सारी दारे बंद होतात. आईने, आजीने, काकूने आधी शांतपणे ऐकून घ्यावे, तिच्यावर विश्वास ठेवावा आणि तुझा दोष नाही असे तिला स्पष्ट सांगावे. घराण्याच्या नावासाठी गोष्ट दडपून टाकणे हे पाप तर आहेच, पण अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या संरक्षणासाठी 2012 मध्ये झालेल्या कायद्याने, असा गुन्हा ठाऊक असूनही न कळविणे हाही अपराध ठरविला आहे.

जत्रेची गर्दी

नवरात्रात तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि वणीच्या वाटा माणसांनी भरून जातात. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्यू पावले, हे आम्ही विसरू शकत नाही. गर्दीत शिरण्यापूर्वी चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते ठरवावे. आईबापांपैकी एकाचा दूरध्वनी क्रमांक मुलीस पाठ असावा, कारण हरवलेल्या मुलीजवळ मोबाईल असेलच असे नाही. रेटा सुरू झाला तर हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी, लोंढ्याच्या विरुद्ध न जाता तिरपे सरकत कडेला यावे आणि पडलेली चप्पल किंवा नारळ उचलण्यास वाकू नये. चुकलेल्या लहान मुलीने पोलिसाकडे जावे. तो दिसला नाही तर जिच्या कडेवर मूल आहे अशा बाईकडे.

पाठविण्यापूर्वी

पथकाचे शिबिर निघाले की घरात वाद होतो. आई होय म्हणते, वडील नको म्हणतात, किंवा उलट. दोन रात्री मुलगी बाहेर राहणार! आमचे म्हणणे इतकेच की, नकार देण्याऐवजी प्रश्न विचारावेत. बरोबर किती शिक्षिका आहेत? निजण्याची, स्नानाची सोय कशी? पाण्याजवळ जाणार असतील तर पोहणारे कोण? जवळचे रुग्णालय किती अंतरावर? मुलीला घरी बोलावेसे वाटले तर फोन मिळेल ना? ज्या पथकाला या प्रश्नांचा राग येईल, तेथे मुलीस पाठवू नये. आम्ही पाहिलेल्या पथकाने ही उत्तरे छापूनच घरी धाडली होती.

जेथे पथक नाही तेथेही देवांनी केले ते घराला करता येईल. वडिलांनी विजेची मुख्य कळ कोठे आहे ते दाखवावे, काकांनी सायकलचे पंक्चर काढण्यास बसवावे, आईने बँकेची चिठ्ठी भरावयास लावावी आणि ओटीपी कोणासही का सांगू नये ते समजावावे, आजीने चूल पेटविण्यास शिकवावे. खंडेनवमीस घरातील हत्यारे पुसूनपासून देवापुढे मांडतात, त्या दिवशी पान्हा, पेचकस आणि प्रथमोपचाराची पेटी तिच्याच हाताने मांडवून, प्रत्येकाचा उपयोग तिला विचारावा.

आणि शाळेत पथक नसेल तर त्याचे कारण बहुधा मुलींचा निरुत्साह नसतो, शिकविण्यास पुरेशा स्त्रिया मिळत नाहीत हे असते. गाईडचे पथक चालविणाऱ्या स्त्रीला त्यासाठी प्रशिक्षण दिले जाते. ज्या भगिनींची मुले मोठी झाली आहेत आणि दुपारचे दोन तास ज्यांच्यापाशी आहेत, त्यांनी दसऱ्याची सुट्टी संपताच जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची अथवा स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयाची गाठ घ्यावी.