तक्त्याचे व्यर्थ प्रश्न

पूर्वीं सातबाराच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा उतारा आम्हांला भुकूमला घरबसल्या मिळतो. अशा ओळी-रकान्यांचे तक्ते आतां सर्वत्र पडद्यावर दिसतात. त्यांतला एखादा उगीच कां रेंगाळतो, याचें एक कारण मला माझ्या मास्तरकीनें शिकविलें.

मी नवशिका असतांना निकालपत्रकांतील ‘वाढीव गुण’ हा रकाना दाखवावयाचा कीं नाहीं, हें मुख्याध्यापक ठरवीत. वर्गांत साठ मुलें. मी प्रत्येक नांवाला उठून त्यांच्या खोलींत जाई आणि तोच प्रश्न विचारी! दहाव्या खेपेस त्यांनीं मला खुर्चीवर बसविलें आणि सांगितलें कीं, उत्तर साऱ्या वर्गाला एकच आहे.

पडद्यावरील पानें रचण्याची ‘जावा सर्व्हर फेसेस’ ही २००४ सालीं आलेली पद्धत अशीच वागते. एखादें घर दाखवावें कीं नाहीं, ही अट ती प्रत्येक ओळीला तपासते. भरलेलें पान परत धाडलें कीं निरनिराळ्या टप्प्यांत पुन्हां तपासते. समजा, गांवच्या खातेदारांची ४०० ओळींची यादी आहे आणि तींतले सहा रकाने केवळ अधिकाऱ्यानेंच पाहावयाचे आहेत. ‘पाहणारा अधिकारी आहे काय?’ हा एकच प्रश्न २,४०० वेळां! उत्तर हाताशीं असेल तर कांहीं बिघडत नाहीं. संगणकाला तेवढी तुलना म्हणजे क्षणाचें काम. परंतु दर वेळीं माहितीच्या दूरच्या कोठाराला विचारावें लागलें, आणि खेपेस सेकंदाचे पांच सहस्रांश लागले, तर बारा सेकंद नुसत्या विचारण्यांत गेले. शिवाय मध्येंच उत्तर बदललें तर वर शीर्षक आहे आणि खालीं घर नाहीं, अशी अवस्था होऊन आंकडे भलत्याच शीर्षकाखालीं सरकतात. दिरंगाईपेक्षां मला याचेंच भय अधिक वाटतें.

उपाय सोपा. पान रचण्यापूर्वीं एकदां विचारून उत्तर टिपून ठेवावें. शीर्षकानें आणि ओळींनीं तें टिपणच पाहावें. मात्र ‘थकबाकी असेल तर तांबडी खूण’ ही अट ज्याच्या त्याच्या ओळीची आहे. ती एकदांच विचारून सर्वांना लावली तर पै-पै भरलेला शेतकरी थकबाकीदार दिसेल! आणि टिपण त्या एका पानापुरतेंच ठेवावें, नाहींतर ज्याचा अधिकार काल काढून घेतला, त्याला आजही सारे रकाने दिसत राहतील. आमच्या मुख्याध्यापकांचें उत्तरही पुढील वर्षीं निराळेंच निघालें होतें.