बर्फातही जिवाणू का टिकतात?

पाणी गोठविले की ते शुद्ध होते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. विषमज्वराचे सर्वच जिवाणू बर्फात मरत नाहीत, काही कित्येक आठवडे जिवंत राहतात, असे न्यूयॉर्कचे प्रुडन यांनी १८८७ सालीच दाखविले होते. जे तगतात ते कशाच्या बळावर, याचे एक उत्तर त्यांच्या पेशीपटलातील मेदात सापडते.

थंडीत तूप थिजते, करडईचे तेल मात्र वाहते राहते. तुपातील संतृप्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असल्याने एकमेकींस चिकटून बसतात. तेलातील असंतृप्त साखळ्यांना बाक असतो, म्हणून त्यांना तशी दाटी करता येत नाही. जिवाणूचे पटलही मेद व प्रथिने यांचेच बनलेले असते. ते थिजले तर अन्नाची ने-आण अडते, फार सैल झाले तर आतील द्रव्ये पाझरतात.

त्यामुळे तपमान उतरू लागले की जिवाणू आपल्या पटलातील मेदच पालटतो. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत गारव्यामुळे संतृप्त मेदाम्ले घटतात व असंतृप्त वाढतात, हे मार व इंग्रॅहम यांनी १९६२ मध्ये दाखविले. निरनिराळ्या तपमानांस वाढविलेल्या या जिवाणूच्या पटलाचा प्रवाहीपणा त्या त्या तपमानास जवळजवळ सारखाच भरतो, असे सिनेन्स्की यांना १९७४ मध्ये आढळले. मौज अशी की, यासाठी नवे विकर घडवावे लागत नाही. लागणारे विकर पेशीत आधीपासूनच असते. गारव्यात त्याचा प्रभाव वाढतो, इतकेच.

गोठताना बर्फ प्रथम पेशीबाहेर बनतो. उरलेल्या पाण्यातील क्षार दाट होतात, पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आक्रसते. या ताणात ताठर पटलास इजा होते, लवचिक पटल पुष्कळदा निभावून नेते. गोठविलेली विरजणे तयार करणाऱ्या दुग्धव्यवसायास हे ज्ञान मोलाचे आहे. लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस ३७ ऐवजी ३० अंश सेल्सियसला वाढविल्यास गोठवण अधिक सोसतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी २००५ मध्ये नोंदविले.

हीच क्षमता रोगकारक जिवाणूंतही असते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस शाखायुक्त मेदाम्लांच्या साहाय्याने आपले पटल प्रवाही राखतो. शीतकपाटातील ४ अंशांना तो मरत नाही, उलट सावकाश वाढतो; पाश्चरीकरणाच्या उष्णतेपुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही.