शेड्यूलरचा सामाईक आकडा

शेड्यूलर हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचा भाग. कोणते काम कोणत्या कोअरवर, कधी आणि किती वेळ चालायचे हे तो ठरवतो. लहान संगणकावर या ठरवण्याचा खर्च जाणवतही नाही. शेकडो कोअर एकाच मेमरीवर राबत असले की मात्र हिशेब ठेवणाराच वेळ खाऊ लागतो. हिशेब अवघड असतो असे नाही. सगळ्यांना लागणारा आकडा एकाच जागी लिहिलेला असतो.

प्रत्येक कोअरजवळ स्वतःची वेगवान कॅश असते. मेमरीतली माहिती तिथे सुटी येत नाही, आजच्या बहुतेक प्रोसेसरांत 64 बाइटच्या तुकड्याने येते. या तुकड्याला कॅश लाइन म्हणतात. एकच लाइन कितीही कोअरनी एकाच वेळी वाचली तरी कुणाचे बिघडत नाही. लिहायचे झाले की लिहिणाऱ्या कोअरला लाइनचा एकट्याचा ताबा घ्यावा लागतो आणि इतरांकडच्या प्रती रद्द होतात. स्वतःच्या कॅशमधून वाचायला एखाद-दोन नॅनोसेकंद पुरतात. तीच लाइन दुसऱ्या सॉकेटमधल्या प्रोसेसरकडून आणायची तर हा वेळ शंभराच्या घरात जातो. शिवाय ताबा लाइनचा असतो, आकड्याचा नव्हे. त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन आकडे केवळ एका लाइनवर आले म्हणून परस्परांना अडवतात.

धरणगावच्या एखाद्या जिनिंगमध्ये दहा काटे लावले आणि एकूण वजनाची वही मात्र एकच ठेवली, तर ऐन हंगामात कापसाच्या गाड्या काट्यासाठी नव्हे, वहीसाठी खोळंबतील. अकरावा काटा आणला तर खोळंबा वाढेलच.

लिनक्समध्ये अशी पहिली वही म्हणजे कामांची रांग. 2.4 मालिकेपर्यंत साऱ्या प्रोसेसरांना मिळून एकच रांग आणि तिच्यावर एकच कुलूप होते. इंगो मोलनार यांच्या नव्या शेड्यूलरने प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र रांग दिली. 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 आवृत्तीत तो सर्वांच्या हाती पडला. मोठा अडसर त्याने दूर झाला.

पुढे कामांचे गट करून प्रोसेसरचा वेळ गटागटांत वाटण्याची सोय आली, आणि सामाईक वही मागच्या दाराने परत आली. एका गटाची कामे अनेक कोअरवर पसरलेली असतात. गटाच्या एकूण भारात आपला भाग किती, हे कळल्याशिवाय कोणत्याच कोअरला त्या गटाचा वाटा ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येक गटाचा एकूण भार ‘लोड_अॅव्हरेज’ या एका आकड्यात साठवला जातो. आपला भार बदलला की कोअर त्यात भर घालतो, आणि वाटा काढताना तोच आकडा वाचतो. लिहिणारे आणि वाचणारे दोन्ही अनेक, लाइन एक.

2015 च्या अखेरीस हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझचे वेमन लाँग यांना 16 सॉकेटच्या यंत्रावर जावा चाचणी चालवताना याचा फटका दिसला. यंत्र पूर्ण भारावर असताना घड्याळाच्या ठोक्यागणिक होणारे किरकोळ कामच बराच वेळ घेत होते. हा आकडा ज्या लाइनवर होता, तिथेच एरवी फक्त वाचले जाणारे पॉइंटरही होते, आणि त्यांचे वाचनही विनाकारण अडत होते. उपाय साधा निघाला: आकड्याला स्वतःची वेगळी लाइन द्यायची. सर्वांत वरच्या मूळ गटासाठी तर हा आकडा कुठे वापरलाच जात नव्हता, तरी तो इमानेइतबारे अद्ययावत होत होता. ते बंद झाले. दोन्हींत दुसरा उपाय अधिक समाधानकारक म्हणावा लागेल, कारण न केलेल्या कामाला काहीच वेळ लागत नाही.

तरीही गटाचा आकडा सामाईकच राहिला. कोअरचा भार आधी नोंदवलेल्या भाराच्या एक चौसष्टांशाहून अधिक बदलला तरच लिहायचे, अशी मर्यादा त्यावर होतीच. पण कामे सतत एका कोअरवरून दुसऱ्यावर जात असतील तर प्रत्येक स्थलांतरात भार मोठी उडी घेतो आणि ही मर्यादा कुचकामी ठरते. 2023 मध्ये इंटेलचे अॅरन लू यांनी दोन सॉकेट, 112 कोअर आणि 224 हार्डवेअर धाग्यांच्या यंत्रावर पोस्टग्रेस डेटाबेसच्या चाचणीत हेच दाखवले. या आकड्याभोवतीच्या दोन फंक्शनांपैकी प्रत्येक काही वेळा दहा टक्क्यांहून अधिक वेळ घेत होते. त्यानंतर नियम आला: एका कोअरने एका गटाचा आकडा एका मिलिसेकंदात एकदाच बदलायचा. मधल्या काळात आकडा किंचित शिळा राहतो. वाटे ठरवायला तेवढी अचूकता पुरते.

इथे ‘मोठे यंत्र’ म्हणजे महासंगणकच असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये उभारलेल्या परम 8000 मध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र होती आणि सारा व्यवहार संदेशांनी चाले. भांडायला सामाईक लाइनच नव्हती. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रत्यूष’मध्ये 1,19,232 कोअर मोजले गेले, पण त्याच्या एका नोडमध्ये 18 कोअरचे दोनच प्रोसेसर, म्हणजे 36 कोअर. शेड्यूलरच्या नजरेत ते तीन हजारांहून अधिक मध्यम संगणक ठरतात. हवामानाच्या गणितात साधारणतः एका कोअरवर एकच प्रक्रिया बांधलेली असते, त्यामुळे स्थलांतरही फारसे होत नाही. एका कर्नलखाली दोनशेहून अधिक धागे आणि त्यांवर सतत जागी होणारी, झोपणारी, जागा बदलणारी हजारो छोटी कामे, अशा डेटाबेस सर्व्हरवर मात्र हा प्रश्न ठळक दिसतो.