बारा वर्षं, एकच ससा

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू पाहणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत बहुधा सगळंच असतं: लोगो, व्यक्तिचित्रं, पोस्टरं, निसर्गदृश्यं. हात तयार असतो, पण या चित्रकाराकडे अख्खं पुस्तक सोपवावं का, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच पीटर या सशाच्या गोष्टीची लेखिका आणि चित्रकार बिॲट्रिक्स पॉटर हिची १८९० ते १९०२ ही वर्षं नीट पाहावीत असं मला वाटतं.

१८९० मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाने तिची सशाची चित्रं शुभेच्छापत्रांसाठी विकत घेतली. मॉडेल होता तिच्या घरचाच पाळीव ससा. पुढे ती अळंब्यांत रमली. शेकडो जलरंगचित्रं काढली, बीजाणू रुजवून पाहिले. १८९७ मध्ये तिचा निबंध लिनिअन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत मांडला गेला, पण स्त्रियांना तिथे प्रवेश नसल्याने ती स्वतः हजर नव्हती. हा काळ आडवाटेचा होता असं मी म्हणणार नाही. सशाचं डोकं निरनिराळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा रेखाटणारी नजर हीच. पीटरच्या अंगात निळा कोट आहे, पण कोटाच्या आतलं जनावर खरंखुरं आहे: पाठीचा बाक, कानांची ठेवण, मागच्या पायांचा जोर, सगळं सशाचंच.

याच काळात, ४ सप्टेंबर १८९३ रोजी तिने स्कॉटलंडहून आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, पत्र लिहिलं. मजकुराच्या मधेमधे शाईची चित्रं. एकच ससा खातो, पळतो, अडकतो, घाबरतो, आणि प्रत्येक वेळी तो पीटरच आहे हे पटतं. माझ्या मते तिचा खरा पोर्टफोलिओ इथे सुरू झाला. प्रकाशकाला एक देखणं चित्र पुरत नाही. दहाव्या पानावरही पात्र तेच राहतं का आणि गोष्ट पुढे सरकते का, हे त्याला पाहायचं असतं.

नोएलने जपलेलं ते पत्र तिने पुढे मागून घेतलं आणि त्याचं पुस्तक बांधलं. प्रकाशकांनी नकार दिले. तिला मात्र लहान मुलांच्या हातात मावेल असं छोटं, स्वस्त पुस्तकच हवं होतं. त्या हट्टाचं मला फार मोल वाटतं. डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. मग फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन कंपनीने पुस्तक काढायची तयारी दाखवली, पण चित्रं रंगीत हवीत अशी अट घातली. तिने ती मानली, आकार मात्र छोटाच राहिला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक बाजारात आलं.

नव्या पुस्तकांसाठीही तिला पाटी कोरी करून बसावं लागलं नाही. खारीची गोष्ट नोएलच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रातली, ती १९०३ मध्ये छापली गेली. पीटरच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी, ५ सप्टेंबर १८९३ला, नोएलच्या भावाला लिहिलेल्या पत्रातला मासे धरणारा बेडूक १९०६ मध्ये पुस्तकात आला.