उतारवयातील वजन आणि शुश्रूषेचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातील जावळी-पाटणचे डोंगरी तालुके आणि सांगलीकडील खानापूर-आटपाडीचा अवर्षणग्रस्त मुलूख यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात गेलेल्या मुलांच्या मनिऑर्डरींवर चालत आला. जावळीचा तरुण मुंबईच्या गिरणीत आणि पुढे माथाडी म्हणून बाजारपेठेत गेला, खानापूर-आटपाडीचा सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभरच्या शहरांतून पांगला, आणि गावच्या घरात मागे राहिली ती म्हातारी माणसे. ह्यांपैकी कोण अखेरपर्यंत आपल्या पायांवर वावरेल आणि कोणाला दुसऱ्याच्या हाताने उठावे-बसावे लागेल, ह्याची आगाऊ वर्दी देणारी एक अत्यंत साधी गोष्ट म्हणजे शरीराचे वजन होय.

‘वय झालं की माणूस वाळायचाच’ असे म्हणून आपण ज्या गोष्टीची वासलात लावतो, तिला वैद्यकशास्त्र इतके स्वाभाविक मानीत नाही. वजन कमी करण्याचा कोणताही प्रयत्न नसताना सहा महिने ते वर्षभराच्या अवधीत ते शेकडा 5 किंवा त्याहून अधिक उतरले, म्हणजे 50 किलोच्या आजीचे अडीच किलो गेले, तर कारण शोधलेच पाहिजे असा संकेत आहे. अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली वार्धक्यातील दौर्बल्याची जी पाच लक्षणे निश्चित केली, त्यांत वर्षभरात नकळत झालेली सुमारे साडेचार किलोंची घट हे एक असून, थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि हालचालीतील उणेपणा ही उरलेली चार होत. पैकी तीन आढळली तर पडण्याचा, इस्पितळात जाण्याचा आणि परावलंबी होण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. कारण उतारवयात वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि खुर्चीतून उठणे, शौचाला बसणे, उंबरा ओलांडणे ही सारी कामे त्या स्नायूंचीच असतात. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग नाहीसा झाल्याचे 2007 सालच्या एका प्रयोगात दिसून आले. मग आधीच वाळलेल्या देहाला खुब्याचे हाड मोडून महिनाभर पडून राहावे लागले, तर त्याची काय अवस्था होत असेल!

घट होण्याची कारणे पुष्कळदा घरातच सापडतात. दात पडले, कवळी सैल झाली, जोंधळ्याची भाकरी चावेना. एकट्या जिवासाठी चूल कशाला पेटवायची, म्हणून दोन वेळच्या जेवणाची जागा चहा-बटरने घेतली. त्यात मधुमेहाचे पथ्य अंदाजाने अधिकच कडक केले आणि उपवास चालूच राहिले. क्षय, थायरॉइड, कर्करोग, खिन्नता, विस्मृती आणि काही औषधे यांचाही त्यात वाटा असतो, म्हणून डॉक्टरी तपासणीला पर्याय नाही. वृद्धांना किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, असे आता तज्ज्ञ सांगतात; मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दूध, अंडी, मऊ शिजवलेली मटकी आणि आपल्या माणदेशातले हुलग्याचे माडगे ही गरज सोसवेल अशा खर्चात पुष्कळ अंशी भागवू शकतात.

वाढत्या वजनाकडेही दुर्लक्ष होऊ नये. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पायांवर सूज आली, तर ते हृदयात बिघाड झाल्याचे चिन्ह असू शकते. शिवाय स्थूल माणूस अंथरुणाला खिळला, तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला दर दोन तासांनी कूस बदलून देणे एकट्या सुनेच्या शक्तीबाहेरचे ठरते. ह्या सुनेच्या श्रमांची नोंद कोणत्याही दफ्तरी होत नाही, ह्याचे मला अतोनात दुःख वाटते.

मिरजेला 1894 साली वॉनलेस यांनी मिशन इस्पितळ सुरू केल्यापासून ह्या मुलखात शस्त्रक्रियेची सोय उत्तम झाली. परंतु टाके निघाल्यानंतरच्या प्रदीर्घ शुश्रूषेची तजवीज अद्याप अपुरीच आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत किमान 150 निराधार वृद्धांसाठी निवाऱ्याची तरतूद आहे खरी, तथापि निवारा आणि शुश्रूषा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कित्येक वृद्धाश्रम आपली कामे आपण करू शकणाऱ्यालाच प्रवेश देतात.

म्हणून अंगणवाडीत बालकाचे वजन जसे दरमहा घेऊन तक्त्यावर मांडतात, तसेच साठीपुढील प्रत्येकाचे वजन आरोग्य उपकेंद्रात दरमहा नोंदवले जावे, अशी माझी दोन्ही जिल्हा परिषदांना विनंती आहे. तोवर परगावी असलेल्या मुलामुलींनी फोनवर ‘जेवलात का?’ एवढेच न विचारता ह्या महिन्याचे वजन किती भरले, हेही विचारावे, आणि ते उतरत असेल तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता आईवडिलांना डॉक्टरांकडे न्यावे.