संगीत संशयकल्लोळ : घोटाळा गद्यात, प्रेम पदांत

मूळ आणि वाटचाल

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’चे मूळ मोलिएरच्या 1660 मधील एका छोट्या फ्रेंच प्रहसनात आहे. त्यावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये इंग्रजी नाटक रचले आणि ते देवलांनी मराठीत आणले. आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक झाले. पदे पुढे आली. 1916 मध्ये देवलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने संगीत रूप रंगभूमीवर आणले.  

घोटाळ्याची रचना

रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर बायकोच्या हातात पाहून फाल्गुनरावाचा संशय पेटतो. पुढे तसबीर हात बदलते आणि प्रत्येक हातात तिचा अर्थ बदलतो. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ही लिहिले होते. तिथे संशय पेटवण्याचे जे काम रुमाल करतो तेच इथे तसबीर करते. फरक एवढाच, की इथे कोणी मरत नाही.

देशीकरण

पुरुषांना महिन्यांची, स्त्रियांना नक्षत्रांची नावे ही देवलांची गंमत. त्याहून महत्त्वाचा बदल रेवतीचा. लग्नाआधी मोकळेपणाने प्रेम करणारी कुलीन घरातील मुलगी त्या काळच्या प्रेक्षकाला पटली नसती. म्हणून ती नायकिणीची मुलगी झाली. अश्विनशेठचा तिच्यावरचा संशयही त्यामुळे अधिक टोकदार होतो.

संगीताचे काम

इथे इटालियन विनोदी ऑपेऱ्याशी तुलना उपयोगी: तिथे गोंधळच गायला जातो. अंकाच्या शेवटी पाच-सहा पात्रे एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात आणि स्वरमेळ ते पेलतो. संवादही गायनसदृश असतात, स्वरलिपी ठरलेली असते. रागसंगीत मुख्यतः एका गळ्याचे. त्यात सहा जणांचे भांडण बसत नाही. म्हणून देवलांनी भांडण गद्यात ठेवले आणि पदांचा मोठा भाग अश्विनशेठ-रेवती यांना दिला. चाल ठरलेली असली, तरी विस्तार गायकनटाचा.

मर्यादा

पद रंगले की कथा थांबते, आणि ‘वन्समोअर’ने ती आणखी थांबते. गतीवर जगणाऱ्या प्रहसनाला हे जड जाते. तरीही नाटक टिकले ते मुळातली गद्य बांधणी घट्ट असल्यामुळे: पदे वगळली तरी घोटाळा उलगडतो, फाल्गुनराव वगळला तर काहीच उरत नाही. गणपतराव बोडस ही पूर्णतः विनोदी भूमिका करून गाजले, तर रेवती बालगंधर्वांची होती. अलीकडच्या प्रयोगांत फाल्गुनराव प्रशांत दामले यांनी आणि अश्विनशेठ राहुल देशपांडे यांनी केला.