सॉफ्टवेअर प्रणालीतील खासगीपणाचे संरक्षण : प्रारूपांची उपयुक्तता

प्रस्तावना :
महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी आपली जन्मतारीख, जात, पालकांचे उत्पन्न, बँक खाते व आधार क्रमांक अशी माहिती कार्यालयाच्या स्वाधीन करतो. ही माहिती पुढे कोठे जाते, हे त्याला क्वचितच ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. तथापि कायदा कागदावर असतो आणि माहिती संगणकात असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे प्रारूप होय.

प्रारूपाची संकल्पना :
इमारतीपूर्वी नकाशा, त्याप्रमाणे सॉफ्टवेअरपूर्वी प्रारूप. माहिती देणारी व्यक्ती, तिच्यावरील प्रक्रिया, माहितीचा साठा आणि प्रवाह हे चार घटक आकृतीत दर्शविले जातात. माहितीच्या प्रत्येक रकान्यापुढे हेतू, पाहण्याचा अधिकार व जतनाची मुदत नोंदविली जाते. प्रणाली बांधण्यापूर्वीच खासगीपणाचा विचार व्हावा, हे तत्त्व कॅनडातील अ‍ॅन कॅव्हुकियन यांनी 1990 च्या दशकात मांडले. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठात विकसित झालेल्या 'लिंडन' या पद्धतीत आकृतीतील प्रत्येक घटकाची तपासणी केली जाते. वेगवेगळ्या नोंदी परस्परांशी जोडता येतील काय, व्यक्तीची ओळख पटेल काय, माहिती उघड होईल काय, असे प्रश्न त्यात विचारले जातात.

नंतरच्या दुरुस्तीचा अनुभव :
देशातील पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. मूळ बारा अंकी क्रमांक उघड न करता ओळख पटविण्यासाठी सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोय मात्र 2018 मध्ये झाली. तोपर्यंत असंख्य कार्यालयांत आधारच्या छायाप्रती जमा झाल्या होत्या. नंतर केलेली दुरुस्ती आधी पसरलेली माहिती परत आणू शकत नाही.

एक उदाहरण :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले या आदिवासीबहुल तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाची कल्पना करावी. शिष्यवृत्तीची यादी सूचनाफलकावर लावावयाची आहे. प्रारूपात 'जात' या रकान्याचा हेतू 'अर्जाची छाननी' एवढाच नोंदविल्यास तो रकाना फलकाकडे जाणाऱ्या प्रवाहात येत नाही. तेथे अर्ज क्रमांक व अर्जाची स्थिती पुरेशी ठरते.

अहवालाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. नावे वगळली तरी एखाद्या वाडीतून एकच विद्यार्थिनी येत असेल, तर गाव व जमात यांवरून तिची ओळख पटते. लतान्या स्वीनी यांनी मांडलेल्या 'के-अनामिकता' या संकल्पनेनुसार, ओळख पटवू शकणाऱ्या तपशिलांचा प्रत्येक संयोग किमान ठरावीक संख्येच्या व्यक्तींना समान लागू असावा. ही संख्या पाच ठरविल्यास, पाचपेक्षा लहान गटात गावाऐवजी तालुका दर्शविला जाईल. हा नियम प्रारूपात असल्यास प्रत्येक अहवालास आपोआप लागू होतो. लिपिकाच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

मर्यादा :
पेन ड्राइव्हवर नेलेली यादी प्रारूपाला दिसत नाही. त्यासाठी कार्यालयीन शिस्तच हवी. तसेच खासगीपणाच्या नावाखाली सार्वजनिक खर्च झाकला जाऊ नये. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा आग्रह धरला होता. लाभार्थींची संख्या व वाटप रक्कम खुली, व्यक्तीची जात व बँक खाते बंद, हा भेद प्रारूपात स्पष्टपणे नोंदविता येतो.

निष्कर्ष :
कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी अठरा वर्षांखालील, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बालक असतात. त्यांच्या माहितीबाबत संस्थेची जबाबदारी अधिक आहे. म्हणून नवीन सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारण्यापूर्वी माहितीच्या प्रवाहाची आकृती मागणे इष्ट ठरेल. कोणता रकाना कशासाठी, याचे उत्तर संगणकतज्ज्ञाइतकेच प्राध्यापकांनीही द्यावयाचे आहे.